नोटेला आडनाव नसतं

गोदीतलं काम थंडावलं तेव्हा ठेकेदारानं आम्हा चौघांना घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी गोदामावर धाडलं. पंधरा दिवस पोती रचायची. सकाळी नाक्यावर चहा. पहिल्या दिवशी दहाची नोट दिली. चहा काचेच्या ग्लासात आला. दुसऱ्या दिवशी सुटे नव्हते म्हणून मोबाईल काढला, दहा रुपये पाठवले. हॉटेलवाल्यानं त्याच्या मोबाईलवर माझं नाव वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट. तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना काचेचा ग्लास आणि मला कागदी कप.

कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. सगळं कसं सभ्यपणानं झालं. तुम्ही म्हणाल, ग्लास फुटला असेल. म्हणा. पुढचे बारा दिवस तो फुटलेलाच होता.

दोस्तांनो, तेव्हा मला कळलं की नोट ही केवढी इमानदार चीज आहे. मळकी, फाटकी, घामट. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती विचारत नाही, तू कुणाचा? नोटेला आडनाव नसतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि मोबाईलवरनं पैसे देणं म्हणजेच पुढारलेपण, हे आपल्या टाळक्यात हाणलं गेलं. यूपीआय त्याच साली सुरू झालेलं. सोय आहे, नाही म्हणत नाही. मीही वापरतो. पण या सोयीच्या पुडीत काय बांधून दिलंय, ते कुणी सोडून बघितलं का?

बघायचं म्हटलं तरी बघता येत नाही. पैसे इकडून तिकडे वळवणारं मधलं यंत्र २००८ साली निघालेल्या, बँकांच्या मालकीच्या राष्ट्रीय देयके महामंडळाचं. त्याचा कोड तुमच्या-माझ्यापुढे उघडा नाही. वरची ॲपं मूठभर कंपन्यांची, आणि बहुतेक व्यवहार त्यातल्या दोघांच्याच हातून जातात. तू वडापाव कधी खाल्लास, आईला किती पाठवलेस, कुठल्या मोर्चाला वर्गणी दिलीस, सगळं वहीत. आणि वही त्यांच्याकडे.

ही वही मला जुनी ओळखीची आहे. माझा बाप शंभर पोती उतरवायचा आणि मुकादमाच्या वहीत नव्वद पडायची. बापाला अक्षर येत नव्हतं. मला येतं, मी मॅट्रिक झालो. पण आता वहीच अशा लिपीत लिहिलीय, की मॅट्रिक काय नि बी.ए. काय, सगळे अंगठेबहाद्दर. आणि लिपी शिकलो तरी वही दाखवायला ते बांधील नाहीत. ज्ञानावर कुलूप घालायची यांची खोड काय आजची आहे?

आता दुसरी गोष्ट ऐका. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं ग्नू प्रकल्प जाहीर केला. म्हणणं सरळ : प्रोग्रॅम चालवायची, आतून वाचायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक प्रत्येकाला हवी. याला म्हणतात मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. फुकट तर शेठजीही देतो, दिवाळीला मिठाई.

त्याच सुमाराला, १९८२ मध्ये, डेव्हिड चॉम या संशोधकानं ‘आंधळी सही’ मांडली. ती अशी. एका कागदावर नाण्याचा नंबर लिहून तुम्ही तो लिफाफ्यात घालता, सोबत कार्बन पेपर. बँक लिफाफा न उघडता वरून सही करते. सही कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. घरी येऊन लिफाफा फाडला की हातात बँकेच्या सहीचं नाणं. बँकेला एवढंच ठाऊक, की तुम्ही दहा रुपयांचं नाणं नेलं. ते नाणं दुकानदाराकडून परत आलं की बँक आपली सही ओळखते, पण ते कुणी नेलं होतं हे सांगू शकत नाही. लिफाफा आणि कार्बन हे समजण्यापुरतं. खऱ्यात हे काम गणित करतं. चॉमनं यावर कंपनी काढली, डिजिकॅश. १९९८ साली तिचं दिवाळं निघालं. चांगली कल्पना कंपनीच्या तिजोरीत ठेवली की कंपनीबरोबर बुडते, हा धडा.

तो धडा घेऊन युरोपात ख्रिस्तियान ग्रोटहॉफ, फ्लोरियान डोल्ड आणि त्यांच्या जोडीदारांनी तीच आंधळी सही मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बांधली. तिचं नाव ग्नू टालर. २०२५ साली तिची १.० आवृत्ती आली. यात देणाऱ्याचं नाव दुकानदाराला कळत नाही. सुटे परत मिळतात तेही निनावी. पण घेणाऱ्याची कमाई उघडी राहते : त्याचे पैसे त्याच्या बँक खात्यातच जमा होतात, कर लावता येतो. आपल्याकडे काय? मजुराचा चहा उघडा आणि शेठचा गल्ला झाकलेला. टालर हे उलटं करतं. मला ते इथंच पटलं.

पटलं म्हणून गप्प बसलो नाही. वस्तीतला एक पोरगा संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. त्याला पकडला. वाचनालयात जुना संगणक घेतला, त्यावर डेबियन चढवलं. तेही मुक्त. मग पोस्टग्रेस हा डेटाबेस, एनजिनेक्स हा वेब-सर्व्हर, आणि टालरची पॅकेजेस. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी नुसते एररच वाचले. च्यायला, एवढं तर मॅट्रिकला वाचलं नव्हतं.

पण हळूहळू कळलं. टालरची टाकसाळ म्हणजे एकटा प्रोग्रॅम नाही, आमच्यासारखी टोळी आहे. एक जण बँकेत पैसे आले का यावर नजर ठेवतो. एक नाण्यांवर सह्या करतो. एक दुकानदाराच्या चिल्लर रकमांची बेरीज करतो, एक ती पाठवतो. प्रत्येकाचा युजर वेगळा. सहीची किल्ली बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही. सगळ्यांच्या वर मूळ किल्ली. ती आम्ही अडाण्यासारखी त्याच संगणकावर ठेवली होती. मॅन्युअल सांगतं, ती नेटला कधीच न जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर ठेवा. ठेवली. खर्च झालेलं प्रत्येक नाणं डेटाबेसात नोंदलं जातं, नाहीतर एकच नाणं माणूस दोनदा चालवेल. म्हणून डेटाबेसाची प्रत दुसरीकडे हवीच. आणि टाकसाळीचा हिशेब तपासायला वेगळा तपासनीस. धक्क्यावर टॅली क्लार्क असतो तसा, फक्त हा मालकाचा मिंधा नसावा.

चलनाचं नाव आम्ही ठेवलं ‘घाम’. खेळातलं चलन. खऱ्या रुपयाला हात लावला नाही, कारण २००७ च्या देयक कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय देयक यंत्रणा चालवता येत नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी दहा घाम ‘दुकाना’ला दिले. दुकानाच्या पडद्यावर आलं : दहा घाम मिळाले. बस. कुणाकडून, ते नाही. पोरं ओरडली. मी त्या पडद्याकडे बराच वेळ बघत उभा राहिलो.

आता खोटी आशा विकत नाही. सर्व्हर उभा केला म्हणजे जात गेली नाही. हॉटेलवाला तोंडानंही विचारतो, ‘गाव कुठलं, पूर्ण नाव काय?’ परवाना आणि बँक खाती मोठ्यांच्याच हातात आहेत. फोन हरवला आणि प्रत नसली तर त्यातली नाणी गेली, खिशातलं पाकीट पडावं तशी. यंत्र माणसाची नजर बदलत नाही. पण त्या नजरेच्या हातात माझं आडनाव आयतं नेऊन द्यायचं की नाही, हे यंत्र बनवणारा ठरवतो. यूपीआयमध्ये ते कुणीतरी ठरवलं. आपल्याला कुणी विचारलं नाही. आणि दुसरी रीत शक्य आहे, हे मी आता कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. चालवून बघितलेलं सांगतोय.

आपल्यातल्याच काही शहाण्यांना हे पटत नाही. म्हणतात, ‘हे इंजिनियर लोकांचं काम. आपण कविता करू, मोर्चे काढू.’ वा रे पठ्ठे! बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैसा कोण घडवतो, त्याची किंमत कुणाच्या सोयीनं ठरते, हे आपलं काम नव्हे असं त्यांनी म्हटलं नाही. आणि तुम्ही मोर्चाची वर्गणी ॲपवरनं गोळा करता, म्हणजे देणाऱ्यांची यादी आपल्याच हातानं लिहून कंपनीच्या हवाली करता. वर पुन्हा घोषणा व्यवस्थेविरुद्ध!

दुसरे शहाणे सॉफ्टवेअरवाले. त्यांच्या मोकळिकीच्या गप्पा वातानुकूलित हॉलात, सगळ्या इंग्रजीत. त्यांनाही सांगतो : कोड उघडा ठेवलात, आभार. पण ज्याच्यापर्यंत तो पोचत नाही त्याच्यासाठी उघडं दारही भिंतच. मॅन्युअल मराठीत येऊ द्या. तुम्ही आणणार नसाल तर आम्ही आणू. पहिली वीस पानं झालीत, चुकांसकट.

ज्यांना मोबाईलमधला पैसा कसा हलतो हे बघायचंय, त्यांनी रविवारी वाचनालयात यावं. येताना जुनी हार्डडिस्क असेल तर आणा. कविता नंतर वाचू.