मातीतले सोने आणि बचत गटाचे पैसे



गेल्या पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना आटोपली, खीरदान झाले आणि मंडळी घरोघर पांगू लागली. तेवढ्यात वस्तीतला एक तरुण आमच्याजवळ आला. "जयभीम काका, जरा बाजूला येता का? एक विचारायचं होतं." आम्ही त्याच्याबरोबर पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो. त्याने खिशातून मोबाईल काढून एक चित्रफीत दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या रानात एक माणूस कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याचे यंत्र जमिनीवर सावकाश फिरवत होता. यंत्राच्या टोकाला ताटाएवढे चक्र होते. मध्येच यंत्र कुंई करून ओरडले. त्या माणसाने कुदळीने वीतभर माती उकरली आणि वाटाण्याएवढा पिवळाधमक खडा तळहातावर घेतला.

"काका, असलं यंत्र आपल्याकडंही मिळतं. तालुक्याच्या गावी एक जण चाळीस हजारांत देतोय. त्याचं यंत्र तर शंभर फुटांवरूनच सोनं दाखवतं म्हणे. आमच्या गावाबाहेर जुनं टेकाड आहे. तिथं मोठमोठ्या विटा निघतात. गुप्तधन आहे असं सगळे म्हणतात. आईच्या बचत गटातून कर्ज काढावं म्हणतो."

आम्ही त्याला हसलो नाही. पोरगा आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन आहे आणि दोन वर्षे कायम कामाच्या शोधात आहे. आई चार घरची धुणीभांडी करून दर महिन्याला गटात पैसे भरते. अशा घरातल्या तरुणाला मातीतले सोने खुणावते, यात नवल ते काय? पण चाळीस हजार रुपये म्हणजे त्या माउलीचा घाम. म्हणून त्याला जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडत आहोत. अशी तरुण मुले आणि अशा आया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

पहिली गोष्ट, चित्रफितीतला तो माणूस खोटा नाही आणि ते यंत्रही खोटे नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सोन्याचे नैसर्गिक गोळे खरोखर सापडतात. तिथल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोने होते. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने खडक झिजला आणि जड असलेले सोने तिथल्याच मातीत, फार खोल न जाता, राहून गेले. १८६९ साली मोलियागुल या गावी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर, एक प्रचंड गोळा लागला. त्यातून ७० किलोहून अधिक शुद्ध सोने निघाले. जवळच्या गावच्या बँकेत तेवढा मोठा तराजूच नव्हता, म्हणून तो ऐरणीवर फोडून तोलावा लागला. पुढे १९८० साली किंगोवर गावाजवळ केविन हिलियर यांना यंत्राच्या साहाय्याने सुमारे २७ किलोचा गोळा मिळाला. तोही फूटभर खोलीवरच होता. अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरातील एका जुगारगृहाने तो दहा लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला.

आता यंत्राचे मर्म. "तू इलेक्ट्रिशियन आहेस, तुला लगेच कळेल," आम्ही म्हणालो. त्या चक्रात तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात लहान लहान प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र वेटोळ्याला जाणवते आणि कानात आवाज येतो. एवढीच विद्या आहे. यात मंत्र नाही, नक्षत्र नाही, पायाळू माणूस नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली, गोळी लागलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र वापरले होते. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी त्यांचा घात केला आणि गोळी सापडली नाही.

त्या स्प्रिंगांमध्येच आपल्यासाठी धडा आहे. यंत्राला धातू कळतो, सोने कळत नाही. खिळा, बाटलीचे झाकण, बंदुकीची शिशाची गोळी, बैलगाडीच्या धावेचा तुकडा, सगळ्यांना ते ओरडते. शिसे आणि सोने यांचा आवाज तर सारखाच येतो. लोहयुक्त लाल माती आणि काही दगडही त्याला फसवतात. म्हणून तिथली माणसे दिवसचे दिवस वाकून एकेक हात जमीन चाळतात, शेकडो खड्डे खणतात आणि बहुतेक संध्याकाळी खिळे नि शिसे घेऊन घरी जातात. चित्रफितीत मात्र तो एकच पिवळा खडा दिसतो. शिवाय वाटाण्याएवढे सोने फार तर काही इंचांवरून कळते. शंभर फुटांवरून सोने दाखवणारे वेटोळे आजवर कोणी बनवलेले नाही.

मग तालुक्याच्या त्या विक्रेत्याचे यंत्र काय असेल? अशा वस्तूंची एक मोठी गोष्ट जगाने पाहिली आहे. इंग्लंडच्या जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या माणसाने दुरूनच बॉम्ब शोधणारी म्हणून हातात धरायची यंत्रे इराकला हजारो डॉलरना एक अशी विकली. मुळात ती वस्तू गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचे खेळणे म्हणून विकली जाणारी होती. मुठीला एक फिरती दांडी, बाकी काही नाही. नाक्यानाक्यावर शिपाई त्या दांडीवर भरवसा ठेवून उभे राहिले आणि स्फोटके निघून गेली. २०१३ साली त्या माणसाला दहा वर्षांचा कारावास झाला. पूर्वी भोंदूबाबा लिंबू फिरवून धन दाखवायचा, आता प्लास्टिकची दांडी फिरवतो. सोंग बदलले, खिसा कापायची रीत तीच आहे.

आपल्या महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नादाने काय काय अघोरी प्रकार होतात, हे सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. मौल्यवान वस्तू किंवा गुप्तधन शोधण्याच्या नावाने अघोरी कृत्ये करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पायाळू माणसाचा आणि बळीचा धंदा करणाऱ्यांची तक्रार करा, मुळीच भिऊ नका.

दुसरी गोष्ट जमिनीची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, लाव्हारसाच्या खडकाचा आहे. त्यात व्हिक्टोरियासारखे गोळे मिळत नाहीत. पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांत सोन्याचा अंश आढळतो, पण तो खडकात बारीक विखुरलेला असतो, यंत्राला ऐकू येण्याजोगा नव्हे. आपल्या देशात सोने निघाले ते कर्नाटकातल्या कोलारला, तीन किलोमीटरहून खोल उतरून, टनभर दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम. आणि त्या पाताळात उतरणारे हात कोणाचे? बहुतांशी तमिळ दलित बांधवांचे. अयोथी दास पंडितांनी १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला आणि पुढे त्याची शाखा कोलारच्या मारिकुप्पममध्ये निघाली. म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीच्या अर्धशतक आधी सोन्याच्या खाणीतले कष्टकरी तथागतांना शरण गेले होते. २००१ साली खाण बंद झाली. सोने देशाला मिळाले, कामगारांच्या वाट्याला धुळीने खराब झालेली फुप्फुसे आणि बेकारी आली.

ऑस्ट्रेलियातले सोनेही निष्कलंक नाही. ती भूमी जा जा वुरुंग या मूळनिवासी लोकांची. सोन्याच्या लोंढ्यात त्यांची जमीन गेली, झरे गढूळ झाले. खोदून ठेवलेल्या आपल्या मुलखाला ते उलटी झालेली भूमी म्हणतात. त्यांचा हक्क मान्य करणारा करार राज्य सरकारने २०१३ साली केला. सोन्यासाठी आलेल्या चिनी मजुरांवर १८५५ साली माणशी दहा पौंडांचा कर बसला. तो चुकवायला ते शेजारच्या राज्यातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पायी चालत आले. सोने मिळो न मिळो, दरमहा तीस शिलिंगांचा परवाना घ्यावाच लागे. त्याविरुद्ध १८५४ साली बॅलराट येथे खाणकामगारांनी बंड केले, अनेकांनी प्राण दिले. त्यातून स्वस्त परवाना आणि मताचा हक्क मिळाला. आजही तिथे थोड्या डॉलरांत दहा वर्षांचा परवाना मिळतो. नियमही आहेत. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी, खासगी जमिनीवर मालकाची संमती, मूळनिवासींच्या स्थळांना हात लावायचा नाही, खड्डा खणला तर बुजवायचा.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्मारकाच्या जागी खोदणे तर थेट गुन्हाच आहे.

आणि इथे आम्ही त्या तरुणाचा हात धरला. "बाळ, मोठ्या विटांचं टेकाड म्हणालास ना? ते काय असेल याचा विचार केलास?" १७९४ साली बनारसच्या जगतसिंगाने सारनाथचा धर्मराजिक स्तूप विटांसाठी उकलला. आतल्या करंड्यात अस्थी निघाल्या, त्या गंगेत सोडण्यात आल्या. सांचीचे स्तूप १८१८ साली पुन्हा प्रकाशात आले आणि नंतरच्या काळात हौशी संशोधकांनी व खजिना शोधणाऱ्यांनी ते पोखरून काढले. सोने शोधणाऱ्यांच्या कुदळीखाली आपलाच इतिहास गेला आहे. आता आपल्याच हातांनी ती कुदळ चालवायची काय? त्या टेकाडात काही नसेलही. पण असेल तर ते सोन्याहून मोलाचे आहे, आणि ते शास्त्रशुद्ध रीतीनेच बाहेर आले पाहिजे.

तथागतांनी माती धुऊन सोने काढणाऱ्याचा दृष्टान्त अंगुत्तर निकायात दिला आहे. तो आधी मोठे खडे धुतो, मग बारीक वाळू, मग अगदी सूक्ष्म धूळ. मनाचेही तसेच. आधी दुराचरण जावे, मग द्वेष आणि हिंसेचे विचार, मग मानसन्मानाची बारीक हाव. सोने काढणाऱ्याला त्यांनी नावे ठेवली नाहीत, त्याच्या चिकाटीचा आदर्श समोर ठेवला. झटपट सोने त्या दृष्टान्तात कुठेच नाही.

शेवटी आम्ही त्याला एक साधी परीक्षा सांगितली. "आईची अंगठी घे. पाच सारखे डबे उपडे घाल. विक्रेत्याला पाठमोरा करून एकाखाली अंगठी ठेव. मग स्वतःही बाजूला हो, म्हणजे तुझ्या चेहऱ्यावरून त्याला काही कळणार नाही. असं दहा वेळा कर. दहातून नऊ वेळा बरोबर दाखवलं तर आम्ही स्वतः गटाच्या कर्जाला जामीन राहू."

आठवड्याने तो परत आला. "काका, तो माणूस आधी हसला, मग चिडला. म्हणाला, श्रद्धा नसेल तिथं यंत्र चालत नाही." आम्ही म्हणालो, "अरे, पंखा चालायला श्रद्धा लागते काय?" दोघेही पोट धरून हसलो.

कर्ज काढले नाही. टेकाडाविषयी ग्रामपंचायतीच्या ठरावासह पुरातत्त्व विभागाला अर्ज गेला आहे. मोटार वायंडिंगच्या एका दुकानात तो सध्या हाताखाली काम करतो, तेही वेटोळ्यांचेच काम. त्याला आम्ही आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. कंबोडिया या बौद्ध देशात युद्धाच्या काळात पेरलेले सुरुंग याच प्रकारच्या यंत्रांनी शोधून काढले जातात आणि शेतकऱ्यांचे प्राण वाचतात. ही विद्या नीट शिकणाऱ्याला तिचे मोल कळेल.

माता-भगिनींना एकच विनंती. घरात कोणी "जमिनीतून सोनं काढून देतो" म्हणत आला, तर आधी पाच डबे मांडा. बचत गटाची पासबुके त्यानंतर.

जयभीम!