पाय मोडला म्हणजे नेमके काय मोडले?

मराठीत 'पाय मोडला' असे म्हटले की मांडीच्या हाडापासून करंगळीपर्यंत काहीही मोडलेले असू शकते. बोलीभाषेला ही सूट आहे, कारण बोलणारा समोर असतो आणि त्याचा पाय दिसत असतो. शासकीय कागदाला ही सूट नाही. विमा कंपनीचा अधिकारी, कामगार आयुक्त, मोटार अपघात न्यायाधिकरण, आरोग्य खात्यातील सांख्यिकी अधिकारी यांपैकी कोणीही जखमी माणसाला दवाखान्यात पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे असतो तो फक्त कागद. आणि या कागदावर आपल्याकडे सर्रास काय लिहिलेले आढळते? 'फ्रॅक्चर फूट. प्लास्टर घातले. सहा आठवड्यांनी दाखवणे.'

एका पावलात २६ हाडे असतात. दोन पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, पावलाच्या अस्थिभंगाला 'एस ९२' हे घर दिले आहे. त्यात पुढचा अंक ० असेल तर टाच, १ असेल तर घोट्याखालचे टॅलस, ३ असेल तर पावलाची लांब हाडे, ४ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे इतर बोटे. घोटा या घरात येतच नाही; तो 'एस ८२' मध्ये जातो. शेवटी एक अंक आहे ९. त्याचा अर्थ 'पावलाचा अस्थिभंग, तपशील नाही'. वर्गीकरण करणाऱ्यांनी हा अंक नाइलाज म्हणून ठेवला. आपण त्याची सवय करून घेतली.

याहून गंभीर बाब पुढे आहे. हाड कातडी फाडून बाहेर आले की आतच मोडले, यासाठी आणखी एक अंक जोडता येतो. डॉक्टरने काहीच लिहिले नसेल तर तो अस्थिभंग 'बंद' समजावा, असा वर्गीकरणाचा नियम आहे. म्हणजे डॉक्टरचे मौन हे मौन राहत नाही. ते विधान होते. उघड्या जखमेचा जंतुसंसर्ग, महिनोन्महिने चाललेले उपचार, बुडालेली मजुरी हे सारे त्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे कागदावर घडलेलेच नसते.

यात नुकसान कोणाचे होते? परांचीवरून पडलेला बांधकाम मजूर घ्या. उंचावरून पायांवर पडणाऱ्या माणसाची टाच चुरते, आणि तोच धक्का वर चढून कित्येकदा पाठीचा मणकाही मोडतो. टाचेचा सांधा एकदा बिघडला की ओबडधोबड जमिनीवर चालणे आणि शिडी चढणे अवघड होते. कारकुनाला हे अपंगत्व सोसते. मजुराचा धंदाच बुडतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत पायाचा अंगठा मुळापासून तुटल्यास कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के धरली होती. म्हणजे तुटलेल्या अवयवाला दर होता. जागेवर राहूनही निकामी झालेल्या टाचेला दर नव्हता. तिथे वैद्यकाने हानी ठरवायची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, तरी ही पद्धत टिकून आहे. मग पहिल्या दिवसाच्या कागदावर 'फ्रॅक्चर फूट' एवढेच असेल, तर दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यातला वैद्यक कशाच्या आधारे हानी ठरवणार? ओडिशाचा मजूर सुरतेत पडतो, प्लास्टर घालून गावी परततो. त्याच्या बरोबर फक्त तो कागद प्रवास करतो.

रस्ते अपघातांत हेच घडते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार कोणतेही हाड मोडणे ही गंभीर दुखापत ठरते. मग ते करंगळीचे असो वा मांडीचे. फौजदारी कायद्याला एवढे पुरते. पण कोणत्या वाहनावर कोणते हाड मोडते आणि किती जण कामाला मुकतात, हे या आकड्यांतून कळत नाही. पावलाच्या अस्थिभंगाने सहसा कोणी मरत नाही, म्हणून मृत्यूच्या कारणांच्या नोंदणीतही तो येत नाही. जो मरत नाही आणि नीट चालूही शकत नाही, असा नागरिक आपल्या सांख्यिकीत बेपत्ता आहे.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की डॉक्टरला वेळ नाही. रांगा मोठ्या आहेत हे खरे. पण संकेतांक डॉक्टरने लिहावा असे कोणीच म्हणत नाही. त्याने चार गोष्टी लिहाव्यात: कोणते हाड, डावे की उजवे, उघडा की बंद, आणि इजा कशी व कोठे झाली. एक्स-रे पाहताना यांतल्या पहिल्या तीन गोष्टी त्याच्या डोक्यात असतातच, चौथी रुग्ण स्वतःहून सांगतो. डावे-उजवे तर आयसीडी-१० च्या अंकांत नाहीच. ते शब्दांतच लिहावे लागते.

दुसरे उत्तर संगणकाचे. आरोग्य नोंदींची मानके केंद्राने २०१३ साली जाहीर केली, २०१६ साली सुधारली. वैद्यकीय शब्दावलीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयसीडी-११ देखील जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. मानकांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो मूळ वाक्याचा. जे लिहिलेच नाही त्याला कोणतेही सॉफ्टवेअर संकेतांक देऊ शकत नाही. फार तर ते ९ हा अंक अधिक वेगाने भरेल.

खरे कारण अर्थशास्त्राचे आहे. नीट नोंद करण्याचे कष्ट डॉक्टरचे. फायदा मात्र मजुराचा, न्यायाधिकरणाचा, नियोजनकर्त्याचा. ज्याचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, ती वस्तू बाजारात नेहमी कमीच निर्माण होते. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजचे. निदानाच्या शेवटच्या अंकावर काही अडत नाही. खासगी विम्याच्या दावापत्रात आयसीडी-१० चा रकाना आहे, पण तो अनेक ठिकाणी बिल विभागातला लिपिक अंदाजाने भरतो.

याचा अर्थ अमेरिकेची नक्कल करावी असा नाही. तिथे २०१५ पासून सुमारे ७० हजार संकेतांकांची यादी वापरली जाते. हाड जुळले, वाकडे जुळले की जुळलेच नाही, यालाही अक्षर आहे. बिल त्यावर ठरते, म्हणून काटेकोरपणा वाढला आणि बिल फुगवण्याची कलाही वाढली. आपल्याला एवढ्या बारकाव्याची गरज नाही. गरज आहे ती थोड्या पण खऱ्या नोंदीची.

म्हणून मागण्या तीनच. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक अस्थिभंगाच्या दाव्यात वरील चार गोष्टी नसतील तर दावा परत जावा. मात्र त्याची झळ रुग्णालयाला लागावी, रुग्णाला नव्हे. जिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अभिलेख विभागाची पदे भरावीत आणि त्या कर्मचाऱ्याला डॉक्टरकडे कागद परत पाठवण्याचा अधिकार द्यावा. आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदींत 'तपशील नाही' या अंकाचे प्रमाण किती, हे दरवर्षी जाहीर करावे.

यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको, नवे पोर्टल तर नकोच. डॉक्टरने एक ओळ जास्त लिहायची आहे, आणि ती लिहिली गेली की नाही हे पाहणे प्रशासनाचे काम आहे. ते काम आपण करत नाही, तोवर त्या मजुराच्या टाचेचा हिशोब ९ या अंकाखालीच बुडत राहील.