विषमता शिकवा, पण कुणाला उभं करून नको!

दहावीचं भूगोलाचं पुस्तक आठवतंय? भारत आणि ब्राझील. अख्खं वर्ष या दोन देशांची तुलना. ॲमेझॉनचं खोरं, ब्राझीलची उच्चभूमी, कॉफी आणि ‘फरक स्पष्ट करा’. २०१९ मध्ये या पुस्तकावर बोर्डाची परीक्षा देणारी पहिली बॅच आमची. ब्राझील जगात सर्वाधिक कॉफी पिकवतो, हे वाक्य मी तेव्हा झोपेतसुद्धा लिहिलं असतं.

त्या कॉफीच्या मळ्यांत राबत कोण होतं, हे मात्र मला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत गुलामगिरी सर्वात शेवटी संपवली ती ब्राझीलने, १८८८ मध्ये. आणि याच ब्राझीलने २०१२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखून ठेवणारा कायदा केला. त्यातही कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि आदिवासी मुलांचा वाटा त्या-त्या राज्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आमच्या वर्गात हा विषय कधी निघालाच नाही. वर्षभर तुलना केली आणि सगळ्यात जास्त तुलना करण्यासारखी गोष्ट राहून गेली.

आता त्याच्या पुढचे दोन महिने आठवा. अकरावीचे प्रवेश. कटऑफ लागले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मित्रांच्या ग्रुपवर ‘तुझी कुठली कॅटेगरी?’ हा प्रश्न आला. त्यामागून फॉरवर्ड आले, मीम आले, दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणजे सामाजिक न्यायाचा धडा आपल्याला मिळाला, पण तो व्हॉट्सॲपवर मिळाला, सोळाव्या वर्षी, रागाच्या भरात. माझं म्हणणं इतकंच आहे की हा धडा नववी-दहावीच्या वर्गात, शांतपणे, शिक्षकांसमोर व्हायला हवा. मुलं तो कुठून ना कुठून शिकणारच आहेत.

पण तो कसा द्यायचा, यात किती गडबड होऊ शकते ते मी स्वतः करून पाहिलंय. म्हणून हा लेख.

डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा जण एका शाळेत नववीच्या मुलांचं सत्र घ्यायला गेलो होतो. इंटरनेटवर एक खेळ सापडला होता. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. ‘घरात अभ्यासाला वेगळी खोली आहे?’ असेल तर एक पाऊल पुढे. ‘आई-बाबांपैकी कुणी कॉलेजला गेलंय?’ एक पाऊल पुढे. शेवटी कोण कुठे उभं आहे ते बघायचं आणि विषमता ‘समजून घ्यायची’. आम्हाला वाटलं, काय भारी आयडिया आहे!

पाचव्या प्रश्नापर्यंत एक मुलगी भिंतीला टेकूनच उभी होती. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सहावा प्रश्न आला, ‘घरी लॅपटॉप आहे?’ ती पटकन एक पाऊल पुढे आली. तिच्याच शेजारी राहणारा एक मुलगा ओरडला, ‘ए, खोटं बोलतेय ती!’ वर्ग हसला. आमच्यातला एक जण तेव्हा फोटो काढत होता.

त्या दिवशी विषमतेबद्दल कोण काय शिकलं? पुढे उभ्या असलेल्या मुलांना कळलं की आपण नशीबवान आहोत. त्या मुलीला नवीन काहीच कळलं नाही. आपल्या घरात काय नाही, हे तिला आधीपासून पाठ होतं. आता ते सगळ्या वर्गाला पाठ झालं, एवढंच. पुढच्यांना धडा मिळावा म्हणून आम्ही तिचा फळा केला होता.

दुसऱ्या वेळी आम्ही पद्धत बदलली. दहा मुलं पुढे बोलावली आणि ग्लुकोजची १०० बिस्किटं आणली. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. एकाला ७६ बिस्किटं. चौघांत मिळून २२. उरलेल्या पाच जणांत मिळून २. जगातली संपत्ती २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार साधारण अशीच वाटली गेली आहे. वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के, मधल्या ४० टक्क्यांकडे २२ टक्के आणि खालच्या निम्म्या जगाकडे २ टक्के.

मग जे झालं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. पाच जण दोन बिस्किटांवरून आपसातच भांडायला लागले. ७६ वाल्याकडे कुणी बघेना. ७६ वाला आधी लाजला, मग म्हणाला, ‘मी एकेक देतो, पण मला थँक्यू म्हणा.’ आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘पण ताई, ही वाटणी ठरवली कुणी?’

बस. सामाजिक न्याय शिकवणं म्हणजे मुलांना या प्रश्नापर्यंत नेणं. इथे कुणाचं घर उघडं पडलं नाही, कारण चिठ्ठी कुणीच निवडली नव्हती. जन्मही आपण निवडत नाही, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. आणि ७६ बिस्किटांमागे फक्त नशीब असतं का, की नियम, वारसा आणि इतिहाससुद्धा असतो, यावर पुढची वीस मिनिटं मुलंच बोलत होती.

‘हे सगळं बाहेरचं फॅड आहे,’ असं एक सर म्हणाले. मला ते अजिबात पटत नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. वय जेमतेम चौदा. म्हणजे आजच्या नववीतली मुलगी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून, इथल्या जातीव्यवस्थेबद्दल लिहिताना! १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाबद्दल विचारलं होतं. १९७२ ची दलित पँथर हे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं. आपल्या घरातला अन्याय आणि जगातला अन्याय एकत्र ठेवून बघायची सवय मराठी माणसाला दीडशे वर्षांपासून आहे. आपण तिचं ‘सनावळी पाठ करा’ करून टाकलं.

दुसरा आक्षेप, ‘मुलं लहान आहेत.’ शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी आहेत, पण हा हक्क आठवीपर्यंतच. नववीत त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचं असेल तर फी भरा, नाहीतर दुसरी शाळा शोधा. ज्या वयात मुलांना हे भोगावं लागतं, त्या वयात त्याबद्दल बोलायला ती लहान कशी?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. ‘वेळ कुठे आहे?’ दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका. राज्यशास्त्रात ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ हा धडा आहे, नाही असं नाही. पण तो येतो वर्षाच्या शेवटी, पोर्शन संपवायच्या घाईत. साठ-साठ मुलांचे वर्ग, त्यात शिक्षकांच्या मागे निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. वर ‘वर्गात राजकारण कशाला?’ म्हणून पालकांची तक्रार येईल ही भीती. शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मी देणार नाही.

राजकारणाची भीती कमी करायचा एक उपाय मला दिसतो. आरक्षण असावं की नसावं, याचं उत्तर मुलांना देऊ नका. संविधान उघडा. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते वापरायला कुणालाही अडवता येणार नाही, असं का लिहावं लागलं ते विचारा. मग १९२७ चं महाडचं चवदार तळं आपोआप येतं. माहिती समोर ठेवा, भांडू द्या, पण आकडा सांगितला तर तो कुठून आणला हे विचारा. पुढे अकरावीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की हीच सवय उपयोगी पडेल.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले कितीतरी जण एनएसएसमध्ये आहेत. वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यातले बरेच तास रॅलीत फलक धरण्यात आणि वह्यावाटपाच्या फोटोत जातात, हे आपल्याला माहीत आहे. त्यातले चार तास जवळच्या शाळेतल्या नववीच्या वर्गाला द्या. शिक्षकांचा भार थोडा हलका होईल आणि तुमच्या-त्यांच्या वयात फार अंतर नसल्याने मुलं बोलतील.

फक्त तीन गोष्टी पाळा. एक, कुणाच्याही घरची परिस्थिती वर्गासमोर विचारू नका. जाणून घ्यायचंच असेल तर नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या. ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि भरतं कोण?’ एवढ्या एका प्रश्नावर तास पुरतो. मुलगा भरतो की मुलगी, हे मोजलं की वर्ग गप्प होतो. दोन, मोबाइल बॅगेत ठेवा. तीन, ‘आपण गरिबांना मदत केली पाहिजे’ या वाक्यावर सत्र संपवू नका. त्या वर्गात ते ‘गरीब’ बसलेले असतात. त्यांना आपली दया नको असते.

ती भिंतीपाशी उभी असलेली मुलगी आता दहावी देऊन अकरावीत गेली असेल. कदाचित तिच्याही ग्रुपवर ‘तुझी कुठली कॅटेगरी?’ विचारून झालं असेल. त्या दिवशी तिला सॉरी म्हणायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. आम्ही फोटो मात्र कॉलेजच्या पेजवर टाकला होता. आता काढलाय.