टीव्ही स्वस्त, पण...

२०२५ च्या कार्तिकात साजगावच्या यात्रेत सुकी मासळी घेतानाही बायकांत विषय मोठ्या टीव्हीचा! सप्टेंबरात ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता ना. मुलांचा हट्ट मात्र 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' या गेमसाठी. आधीचा भाग २०१३ चा, नवा त्या वर्षात दोनदा लांबलेला. तो नुसत्या टीव्हीवर चालत नाही. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स लागतो, म्हणजे तेव्हा पन्नासेक हजार! आधीचा भागही प्रौढांसाठीच होता, हे पोरं सांगत नाहीत. आणि आपल्या मालिका? साधं चॅनल मोठ्या पडद्यावर धूसर दिसतं, एचडीचे पैसे दरमहा वेगळे. दुकानदाराला मी तेच विचारलं, तर म्हणाला, "ताई, ते केबलवाल्याला विचारा."