किल्लेकोटाचा निवाडा

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या वसाहतीत मुलांचे बुद्धिबळाचे सामने झाले. वयाचा मान म्हणून पंचाचे आसन आमच्याकडे आले. आणि त्या आसनावरून आम्ही एक चुकीचा निवाडा दिला, तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

डाव एका बारा वर्षांच्या मुलीचा. तिने वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला. म्हणजे राजा दोन घरे सरकून उंटाच्या घरी गेला व कोपऱ्यातील हत्ती त्याला ओलांडून वजिराच्या घरी आला. प्रतिस्पर्धी मुलाने हरकत घेतली, "आजोबा, घोड्याच्या घरावर माझ्या उंटाचा मारा आहे. माऱ्यातून किल्लेकोट होत नाही." घर रिकामे होते, मारा खराच होता. आम्ही चष्मा पुसला व किल्लेकोट रद्द केला. राजाला हात लागलेला, तेव्हा राजाच हलविणे भाग पडले. तो मध्यावर उघडा राहिला आणि मुलगी हरली.

रात्री नियमावली उघडली. राजा ज्या घरी उभा आहे, ज्या घरावरून जातो व ज्या घरी पोचतो, तेथे शत्रूचा मारा नसावा, एवढेच बंधन. राजा व हत्ती यांच्यामधील घरे रिकामी असावीत, ही अट निराळी. घोड्याच्या घरावरून जातो तो हत्ती, राजा नव्हे. आणि हत्तीवरील माऱ्याविषयी नियम मूक आहे. ती मूकता आम्ही पदरच्या निषेधाने भरून काढली!

मीमांसक यालाच अश्रुतकल्पना म्हणतात, आणि तो दोष मानतात. सतराव्या शतकातील काशीचे नीलकंठभट्ट, मूळ पैठणच्या घराण्यातले, मोठे मीमांसक. त्यांच्या व्यवहारमयूखाला मुंबई बेटात व उत्तर कोकणात न्यायालये प्रमाण मानीत. त्याच हाताने नीतिमयूखात बुद्धिबळाचेही वर्णन लिहिले. (देशी खेळात किल्लेकोट नव्हताच; राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. आमचा तंटा त्या काळी उद्भवला नसता.)

अशीच कल्पना एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. जैमिनींपुढेही हाच प्रश्न होता. यज्ञाच्या विधीत कर्ता पुल्लिंगी, म्हणून अधिकार पुरुषालाच, असे ऐतिशायन म्हणत. बादरायणांनी ते लिंग विवक्षित मानले नाही, आणि जैमिनींनी बादरायणांचा पक्ष घेतला. पत्नीला पतीसह का होईना, अधिकार मिळाला. आमच्या पंक्तीतील काही शास्त्रीमंडळींना हे अधिकरण कधी आठवत नाही, ते असो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन चूक सांगितली. ती म्हणाली, "मला नियम ठाऊक होता, आजोबा. पण तुम्ही इतक्या ठामपणे बोललात, की माझेच चुकले असेल असे वाटले." निकाल फिरणे शक्य नव्हते, तो मुलगा पुढची फेरीही खेळून चुकला होता. तिने खेळ्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. आम्ही पट मागविला, त्या मुलाच्या बाजूस बसलो व डाव तेथपर्यंत मांडला. तिने राजा उचलून उंटाच्या घरी ठेवला, हत्ती त्याच्या पलीकडे नेला, आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही प्यादे पुढे सरकविले.