काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं?

‘काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं.’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं आणि ते फक्त शेजारीपाजारीच बोलतात असं नाही. कित्येक डॉक्टरही रुग्णाला हेच सांगतात. सलाइन लावतात, तेलकट-तुपकट बंद करायला सांगतात आणि ‘वाटलं तर गावठी औषध घ्या’ अशी मोकळीक देतात. मग रुग्ण माळ घालणाऱ्याकडे, नाकात थेंब सोडणाऱ्याकडे किंवा हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. महिनाभरात डोळे पांढरे होतात आणि ते वाक्य आणखी पक्कं होतं. माझं म्हणणं असं की हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं जातात.

खरा भाग आधी मान्य करतो. दूषित अन्नपाण्यातून पसरणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू आपल्याकडच्या साथींचं मुख्य कारण. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारोंना कावीळ झाली होती. २०१२ साली इचलकरंजीत ई विषाणूची मोठी साथ आली. या दोन्ही विषाणूंसाठी नेहमी द्यावं असं खास औषध नाही. धडधाकट माणसाचं यकृत बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपलं आपण सावरतं.

गावठी औषधाची कीर्ती नेमकी इथेच उभी राहते. जे रुग्ण काहीही न घेता बरे झाले असते, ते काही तरी घेऊन बरे झाले आणि श्रेय औषधाला गेलं. जे बिघडले त्यांना शेवटच्या दिवशी शहरातल्या इस्पितळात हलवलं गेलं. तो मृत्यू इस्पितळाच्या नावावर पडला. असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला, तर औषध देणाऱ्यालाही आपल्या गुणाची मनापासून खात्री वाटणारच. सगळेच फसवणारे नसतात.

काही मात्र फसवतात. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून वर चुन्याची निवळी ओतली की पाणी पिवळं होतं; निरोगी माणसाच्या हातावरूनही तितकंच पिवळं उतरतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे जाहीरपणे करून दाखवलं आहे. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. देवडांगरीचा कडू रस नाकाच्या अस्तराला झोंबतो आणि पिवळसर पाणी वाहत राहतं. रक्तातल्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याची बाहेर पडण्याची खरी वाट यकृतातून पित्तनलिकेत आणि तिथून आतड्यात जाते. नाक कितीही गळलं तरी त्यानं यकृताची सूज उतरत नाही.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा काविळीवर दिल्या जाणाऱ्या भुईआवळ्याचा आहे, त्याला बगल देणं बरं नाही. १९८८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मद्रासच्या त्यागराजन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग त्यात सहलेखक होते. भुईआवळ्याच्या जातीतली वनस्पती घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्या विषाणूची खूण नाहीशी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. आशा वाटावी असाच हा आकडा होता. पण पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही आणि सगळे प्रयोग एकत्र तपासल्यावरही खात्रीचा पुरावा हाती आला नाही. म्हणजे आधुनिक वैद्यकानं या वनस्पतीकडे पाठ फिरवली हा आरोप खोटा आहे. तिची परीक्षा घेतली गेली, ती त्यात उतरली नाही. आणि आपली लढाई आयुर्वेदाशी नाही. शिकलेला वैद्य काविळीचा रुग्ण आला की स्वतःच आधी रक्त तपासून आणायला सांगतो.

तो असं का सांगतो, यातच या लेखाचं सगळं म्हणणं आलं. डोळे पिवळे होणं ही आतल्या बिघाडाची खूण आहे. बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: तांबड्या पेशी फार वेगानं फुटत असतील, यकृताच्या पेशींना इजा झाली असेल किंवा पित्ताची वाट अडली असेल. विदर्भात किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात पोराचे डोळे वरचेवर पिवळे होत असतील तर आधी सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार तपासायला हवा. तिथे यकृताचं औषध देऊन काय साधणार? भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे आणि त्यात कावीळ, असा रुग्ण आला तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची शंका घ्यावीच लागते. लेप्टोला पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ही साधी, स्वस्त प्रतिजैविकं आहेत. ती वेळेत मिळाली तर मूत्रपिंडं आणि जीव दोन्ही वाचू शकतात. ‘काविळीला औषध नसतं’ म्हणून आठवडा माळेत घालवलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत औषध होतं, फक्त त्याचं नाव कोणी विचारलं नाही.

क्षयरोगाच्या रुग्णाची गोष्ट आणखी नाजूक. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही क्षयाची तिन्ही औषधं यकृताला इजा करू शकतात. अशी कावीळ झाली तर या गोळ्या ताबडतोब थांबवणं हाच उपचार. पण त्या कायमच्या बंद केल्या तर क्षय उसळतो. म्हणून यकृत शांत झाल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करून, रक्त तपासत, कोणतं सोसतं ते पाहावं लागतं. गोळ्या चालूच ठेवून वर पाल्याचा रस घेणाऱ्याचं यकृत दोन्हीकडून भरडलं जातं.

पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर दुर्बिणीतून तो काढता येतो. वय झालेल्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद आणि शौच मातीच्या रंगाचं होऊ लागलं, तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाचा विचार आधी करावा लागतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या शरीरातून कायमचा जातो. बी विषाणूला गोळ्यांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतं आणि यकृत आकसण्यापासून वाचवता येतं. इतकी औषधं असताना औषध नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पथ्याबद्दलही एक सांगायला हवं. हळद पिवळी म्हणून ती बंद करण्याला काही आधार नाही. तेल-तूप पार तोडून रुग्णाला उपाशी ठेवण्यानं तो खंगतो. आणि बरं वाटावं म्हणून रस्त्यावरचा उसाचा रस बर्फ घालून पाजला, तर ज्या पाण्यानं आजार दिला तेच पाणी पुन्हा पोटात जाण्याचा धोका.

आता खरी अडचण. यकृताचे आणि पोटाचे तज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत एकवटले आहेत. धडगावच्या किंवा भामरागडच्या माणसानं मजुरी बुडवून, एसटी बदलत तिथवर जायचं आणि तिथे खर्चाच्या तपासण्या करायच्या, हे सांगणं सोपं आहे. गावातला वैदू जवळ असतो, पैसे थोडे घेतो आणि आपुलकीनं बोलतो. लोक त्याच्याकडे जातात याचा दोष लोकांना देता येणार नाही. पण यावरून तज्ज्ञाची गरज नाही असं ठरत नाही. पहिली चाळण तालुक्यातच व्हायला हवी, असं ठरतं. बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइमं, रक्त गोठायला लागणारा वेळ, बी आणि सी विषाणूंची चाचणी, पोटाची सोनोग्राफी. एवढ्यानं कोणाला घरी विश्रांती पुरेल आणि कोणाला आजच पुढे पाठवायचं हे बरंचसं कळतं. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विषाणूजन्य हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. ही गोष्ट आशाताईंपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी असली पाहिजे.

काही रुग्णांसाठी मात्र थांबायला सवडच नसते. रात्री टक्क जागा आणि दिवसा गुंगीत, बोलण्यात घोटाळा, हिरड्यांतून रक्त, असा रुग्ण त्याच तासाला मोठ्या इस्पितळात हवा. यकृत बसत चाललेलं असतं आणि कधी प्रत्यारोपण हा एकच मार्ग उरतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई विषाणू गाठतो तेव्हा शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात. सातव्या महिन्यातल्या बाईच्या गळ्यात माळ पाहिली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आणि तान्ही बाळं. जन्मानंतरची कावीळ बहुतेक बाळांत आपोआप ओसरते, म्हणून ‘कोवळं ऊन दाखवा’ असं सांगून सगळे निश्चिंत होतात. पण काही थोड्या बाळांत पित्ताची वाट गर्भातून किंवा जन्मानंतर लवकरच बुजत गेलेली असते. त्यांच्यासाठी जपानच्या कासाई यांनी बसवलेली शस्त्रक्रिया आहे आणि ती दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता सगळ्यात जास्त. ओळखण्याची खूण आईच्या डोळ्यांसमोर रोज असते: बाळाची शी पांढुरकी होते. तैवाननं २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचा छापील तक्ता द्यायला सुरुवात केली आणि वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. असा तक्ता छापायला फारसा खर्च येत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या आईच्या पिशवीत तो असावा आणि दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे असलेल्या बाळाचं रक्त तपासल्याशिवाय कोणत्याही दवाखान्यानं त्याला परत पाठवू नये.