लेख राजांचे, खापरं आपली

सातवाहनांचं राज्य इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात मोडलं आणि पुस्तकं सांगतात, पुढं अंधार. कुणाचा अंधार? राजा गेला म्हणजे माणसं गेली? आपल्या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे थांबले, म्हणून चुली थांबल्या का?

दोस्तांनो, नाणेघाटातला नागनिकेचा लेख वाचा. किती यज्ञ केले, किती हजार गाई दक्षिणेत दिल्या, सगळा हिशेब दगडात कोरलाय. त्या गाई राखणाऱ्याचं नाव नाही. पण त्याच्या मडक्याचं खापर मातीत आहे. खापर फुटतं, कुजत नाही. मातीचा पोत, काठाचा घाट, भाजणीचा रंग आणि कितव्या थरात सापडलं, एवढ्यावरनं भांडं कुठल्या काळाचं, गावातलं की बाहेरचं, याचा अंदाज बांधता येतो. त्या काळातली काळी-तांबडी भांडी बघा. आव्यात पालथी घालून भाजलेली. आत हवा पोचत नाही म्हणून आतून काळी, बाहेरून तांबडी. हे शास्त्र कुठल्या पोथीत नव्हतं, कुंभाराच्या हातात होतं.

राज्य मोडल्यावरचं खापरंच बोलतात. पश्चिम भारतात रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली कित्येक खापरं पुढच्या तपासणीत इराण-इराककडच्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची निघाली. असे रांजण सातवाहनांनंतरही शतकानुशतकं येत होते. राज्य मेलं, धंदा मेला नाही. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे सातवाहनांनंतरचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी एका उपासिकेनं श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यात कुलरिकांच्या, म्हणजे अभ्यासकांच्या मते कुंभारांच्या, श्रेणीकडं १००० कार्षापण. राजे बदलत होते आणि लोक पैसा कुंभाराच्या भरवशावर ठेवत होते!

आता सरळ सवाल. उकरायचं कुठं? डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इनामगावची वस्ती उकरली. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. सधनांची घरं मधे, कुंभारासारखे कारागीर पश्चिमेच्या कडेला, हे तेव्हा कळलं. तोच हिशेब सातवाहनांनंतरच्या गावांना लावा. नुसती पांढरी नको, वेशीबाहेरची मातीही उकरा.

खापरावर जात लिहिलेली नसते, खरं आहे. एकाच आव्यातलं मडकं दोन घरांत जातं. पण गावातली आणि गावकुसाबाहेरची खापरं थरागणिक शेजारी मांडा. वेगळं भांडं, वेगळं पाणी कधी सुरू झालं, याचा माग लागला तर तिथंच लागेल. हा सवाल आपल्यासाठी करमणूक नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं असायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. ज्यांच्या गळ्यात मडकं अडकवलं, त्यांच्या पोरांनीच आता मडकं वाचायला शिकलं पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्या शेजारी. तिथल्या हस्तिदंती बाहुलीचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही संग्रहालयात जाऊन खापरांपुढं उभे राहा. तेर हे गोरोबा कुंभाराचं गाव. त्याचं थापटणं घ्या आणि छापील इतिहास ठोकून बघा. कच्चा कुठला, पक्का कुठला, आवाजच सांगेल.